पाणी कुठं सोडलंय?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवीला माइकसमोर बसवलं की हा आता पावसावर बोलणार, असं लोक धरून चालतात. मीही आज पाण्याविषयीच बोलणार आहे. फक्त हे पाणी आभाळातून पडणारं नाही. घरातल्या एसीतून आणि कूलरमधून गळणारं हे पाणी आहे. विषय ऐकून तुम्ही हसाल. तीन-चार वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. पण या गळतीनं मला जे शिकवलं त्यात थोडं विज्ञान आहे, थोडा घरखर्च आहे आणि बराचसा शेजारधर्म आहे. म्हणून सांगतो.

माझं लहानपण अकोल्याचं. वऱ्हाडातला उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आमच्या घरी आधी वाळ्याच्या ताट्या होत्या. खिडकीला ताटी बांधायची, तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि बाहेरचा गरम वारा तिच्यातून गार होऊन, वास घेऊन आत यायचा. ही युक्ती फार जुनी. ‘आईन-ए-अकबरी’तही वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख आहे. पुढे १९८३ साली अब्बांनी पत्र्याचा कूलर करून घेतला. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, आत एक छोटा पंप आणि समोर पंखा. तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा गल्लीतली पोरं बघायला आली होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात तो गळायला लागला. टाकीचा तळ गंजला होता. अम्मीनं खाली गोणपाट टाकलं. अब्बांनी भोकावर डांबर लावलं. ते सुटलं, पुन्हा लावलं. आमच्याकडे तेव्हा नळ एक दिवसाआड यायचा, तोही तासभर. त्यामुळे कूलरमधून गेलेला प्रत्येक तांब्या हिशेबात धरला जायचा. अब्बा म्हणायचे, नदीच्या काठी बसून वुजू करायचा असला तरी पाणी बेतानंच घ्यावं, असं आपल्याला सांगितलेलं आहे. आणि इथं तर नदीही नाही.

या कूलरच्या गळतीची कारणं मी तेव्हाच तोंडपाठ केली होती. ती आजही तीच आहेत. तळ गंजतो, हे पहिलं. दुसरं म्हणजे, आपल्याकडच्या जड पाण्यातला क्षार गवतावर बसतो, गवत कडक होतं आणि पाणी त्याच्यात झिरपण्याऐवजी बाहेरच्या बाजूनं घरंगळतं. तिसरं, वरच्या पन्हळीची भोकं बुजतात आणि एकाच जागेवरून धार पडते. चौथं, नळ जोडलेला असेल तर तरंगणारा गोळा अडकतो आणि टाकी भरून वाहते. आणि पाचवं अगदी साधं, कूलर वाकडा ठेवलेला असतो. यांतल्या तीन गोष्टी घरी बसून दुरुस्त होतात. दर मोसमाला गवत बदला, पन्हळ तारेनं साफ करा, स्टँडखाली विटेचा तुकडा सरकवून कूलर सरळ करा.

पण कूलरच्या गळतीला मी जन्मभर घाबरलो ते पाणी वाया जातं म्हणून नव्हे. मी दहावीत असताना आमच्या मागच्या गल्लीतल्या एक भाभी गेल्या. दुपारी कूलर चालू असतानाच त्यांनी बादलीनं पाणी घालायला घेतलं. फरशी ओली, पाय अनवाणी आणि पत्र्यात वीज उतरलेली. घरातलं धाकटं पोर शेजारी उभं होतं. मी ते घर नंतर कितीतरी दिवस टाळत होतो. वाईट याचं वाटतं की इतकी वर्षं उलटली तरी कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतातच. म्हणून जे कूलर वापरतात त्यांना हात जोडून सांगतो. पाणी घालण्याआधी नुसतं बटण बंद करू नका, पिन बाहेर काढा. तीन पिनांचीच जोडणी ठेवा आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. आणि वायरमनला सांगून आरसीसीबी नावाची कळ बसवून घ्या. विजेचीही गळती असते. ती तीस मिलिअँपिअरच्या घरात गेली की अशी कळ क्षणाच्या आत वीज तोडते. कूलरच्या किमतीपुढे तिचा खर्च फार नाही.

दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कूलरची टाकी ही त्याला आयती जागा. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करायची, घासायची आणि सुकू द्यायची. ‘कोरडा दिवस’ म्हणतात तो हाच.

तर हा झाला अकोल्याचा कूलर. नोकरीनं मला कल्याणला आणलं. येताना मी हौसेनं कूलर आणला आणि पहिल्याच उन्हाळ्यात तो माळ्यावर गेला. कारण सोपं आहे. माठातलं पाणी जसं गार होतं तसाच कूलर हवा गार करतो. पाण्याची वाफ होताना ती भोवतालची उष्णता घेऊन जाते. पण हवा आधीच ओली असेल तर वाफ होणार कशी? कोकणपट्टीच्या हवेत कूलर लावला की खोली गार होत नाही, नुसती चिकट होते.

२०२२ साली आम्ही आत्ताच्या सोसायटीत राहायला आलो. त्याच वर्षी अम्मीला अकोल्याहून कायमचं आमच्याकडे आणलं. वय ऐंशीच्या पुढे. वऱ्हाडातली कोरडी आग तिनं सोसली होती, पण कल्याणचा घाम तिला सोसवेना. एप्रिलमध्ये हप्त्यावर दीड टनाचा एसी घेतला. ज्यांनी बसवला त्यांनी तासाभरात काम उरकलं, भिंतीला भोक पाडून पाण्याची नळी बाहेर सोडली आणि ते निघून गेले. मीही बघितलं नाही. खोली गार झाली, अम्मीला झोप लागली, विषय संपला.

रात्री सगळं शांत झालं की खालून कुठून तरी बारीक आवाज यायचा. टप, टप, टप. कुणाच्या तरी पत्र्यावर थेंब पडत होता. मला तो आवाज आवडायचा. उन्हाळ्यात पाऊस पडल्यासारखं वाटायचं. मी वहीत त्याच्यावर दहा-बारा ओळीही लिहिल्या.

जूनच्या सुरुवातीला एका रात्री अम्मीनं हाक मारली, ‘‘बेटा, भिंत रडते आहे का रे?’’ बघतो तर एसीच्या खालच्या कडेनं पाणी टपकत होतं. तिची उशी भिजली होती. रात्रभर पातेलं लावलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो त्याच्या पुढच्या दिवशी आला. विशीतला पोरगा, खांद्याला पिशवी. आल्या आल्या त्यानं यंत्राला हात लावला नाही. आधी विचारलं, ‘‘चाचा, पाणी केव्हा केव्हा पडतं?’’

मी म्हटलं, ‘‘पडतं म्हणजे पडतं. केव्हा काय?’’

तो म्हणाला, ‘‘केव्हा पडतं त्यावरूनच रोग कळतो.’’

आमच्या हकीमसाहेबांची आठवण झाली. तेही नाडी पाहण्याआधी ताप कधी चढतो ते विचारायचे. त्या पोरानं मला जे सांगितलं ते तुम्हाला सांगतो, उपयोगी पडेल.

एसी चालू असेपर्यंत सतत पाणी पडत असेल, तर बहुधा नळी तुंबलेली असते. आतल्या तबकात आणि नळीत धूळ आणि शेवाळ मिळून बुळबुळीत गाळ धरतो. पाण्याला वाट मिळाली नाही की ते तबक भरून खोलीत उतरतं. नळी मध्येच वर चढलेली असली, मुडपलेली असली किंवा तिचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असलं तरी हेच होतं. पाणी उतारानं जातं, ते तुमच्या सोयीनं चढत नाही.

एसी बंद केल्यावर एकदम पाणी पडत असेल, किंवा बर्फाचे तुकडे पडत असतील, तर आतल्या जाळीवर बर्फ धरला आहे असं समजावं. त्याची कारणं दोन. एक, फिल्टर धुळीनं भरला आहे आणि हवा पुरेशी खेळत नाही. दोन, गॅस कमी झाला आहे. पहिल्याला पैसा लागत नाही. फिल्टर काढायचा, नळाखाली धुवायचा, सावलीत सुकवायचा, परत बसवायचा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करावं. दुसऱ्याबद्दल मात्र तो पोरगा जे बोलला ते लक्षात ठेवा. गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा वापरून संपत नसतो. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठं तरी गळती आहे. ती न शोधता दर वर्षी नुसता गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या टाकीत पाणी ओतणं.

आणि फक्त पावसात पाणी येत असेल तर दोष एसीचा नसतोच. भिंतीतलं भोक आतल्या बाजूला उतरतं ठेवलेलं असतं आणि नळ्यांच्या कडेनं पावसाचं पाणी आत येतं. ते बुजवून घ्यायचं. तांब्याच्या नळीवरचं फोमचं आवरण फाटलं तर त्या नळीलाही घाम फुटतो आणि भिंत ओली होते.

आमची नळी तुंबली होती. त्यानं खालून जोरात हवा मारली, काळा गाळ भळकन बाहेर आला आणि पाणी वाहतं झालं. मी त्याला विचारलं, ‘‘पण मुळात एसीत पाणी येतंच कुठून? आपण तर घालत नाही.’’

तो हसून म्हणाला, ‘‘हवेतलं आहे चाचा.’’

मी नंतर वाचून काढलं. तीस अंशाच्या पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे तीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तीच हवा दहा अंशांपर्यंत थंड केली तर तिला जेमतेम साडेनऊ ग्रॅम धरून ठेवता येतं. उरलेलं पाणी गार जाळीवर थेंब होऊन बसतं. बर्फाच्या पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो, तसंच. गंमत म्हणजे एसीचा जन्मच मुळी यासाठी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. दमट हवेनं तिथले कागद फुगायचे आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. विलिस कॅरिअर या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरनं त्या हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारं यंत्र आखलं. तेव्हा अडचण माणसांच्या घामाची नव्हती, कागदाच्या ओलाव्याची होती. छापखान्याच्या पोटी जन्मलेलं यंत्र म्हटल्यावर माझ्यासारख्याला ते थोडं जवळचं वाटलं.

म्हणजे बघा, कूलर हवेला पाणी देतो आणि एसी हवेतून पाणी काढून घेतो. एसीतून पाणी येणं हा बिघाड नव्हेच, ते त्याचं काम आहे. मी एका रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत नळीखाली बादली लावून पाहिली. बारा लिटरची बादली काठोकाठ भरली. एवढं पाणी रोज निघणार. प्रश्न फक्त ते जातं कुठं, हा आहे.

हा प्रश्न माझा नव्हे, त्या पोराचा. हात पुसता पुसता तो खिडकीतून वाकून बघत होता. म्हणाला, ‘‘चाचा, पाणी कुठं सोडलंय?’’

मी म्हटलं, ‘‘बाहेर.’’

तो म्हणाला, ‘‘बाहेर म्हणजे कोणाकडे?’’

मी वाकून पाहिलं. आमच्या नळीचं तोंड मोकळं लोंबत होतं आणि खालच्या घराच्या खिडकीवर जो पत्रा होता, त्याच्यावर थेंब पडत होता. टप, टप. पत्र्याच्या कडेनं ते पाणी भिंतीला लागत होतं आणि भिंतीवर हिरवट काळा ओघळ उमटला होता. चांगला हातभर.

खाली एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान राहतात. यजमानही शिक्षकच. सगळी सोसायटी त्यांना बाई आणि सर म्हणते. सर त्या वर्षी आजारानं अंथरुणाला खिळलेले होते. आमची जिन्यात गाठ पडायची, नमस्कार व्हायचा, तेवढंच. त्या संध्याकाळी मी खाली गेलो. दार उघडून बाई म्हणाल्या, ‘‘या ना भाई. तुम्ही गावाला गेला होतात का? दोन दिवस आवाज नव्हता. सरांना छान झोप लागली.’’

श्रोतेहो, मी दारातच थांबलो. सरांची कॉट त्याच खिडकीखाली होती. आमची नळी तुंबली, पाणी आमच्या उशीवर पडलं, त्या दोन रात्री हा माणूस झोपला. आणि जो आवाज त्याला दोन महिने जागा ठेवत होता, त्याच्यावर मी वर बसून कविता लिहीत होतो.

मी विचारलं, ‘‘बाई, तुम्ही सांगितलं का नाही?’’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही नवीन आलेले. त्यात दिवस असे आहेत. मला वाटलं, मी काही बोलायला जायचे आणि त्याचा भलताच अर्थ निघायचा. तुम्हाला वाटेल, आल्या आल्या या लोकांनी तक्रारी सुरू केल्या.’’

आता खरं सांगायचं तर मीही निर्दोष नव्हतो. खालच्या अंगणातून जाता-येता तो ओघळ मला दोनदा दिसला होता. मनात शंका आली होती. पण मीही म्हटलं, आपण नवीन, आपण कशाला विषय काढा. उगाच आपल्याच नावावर बिल फाटायचं. त्यांनी माझं मन जपलं, मी माझा मान जपला, आणि त्या दोन जपण्यांच्या मध्ये एक भिंत दोन महिने भिजत राहिली. भांडण झालं असतं तर बरं, असं मी म्हणणार नाही. पण साधं बोलणं तर व्हायला हवं होतं. पाण्याला वाट मिळाली नाही की ते भलतीकडे उतरतं, हे त्या पोरानं मला सकाळीच सांगितलं होतं. माणसाच्या बोलण्याचंही तसंच असतं, हे मला संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी नळी वाढवली. पाच-सहा मीटर पाइप, चार पकडी आणि एक तास. आता पाणी भिंतीच्या कडेनं नीट खाली उतरतं आणि एका पिंपात पडतं. सफाईवाल्या मावशी ते जिने पुसायला वापरतात. हे पाणी पिण्याचं नाही, स्वयंपाकाचंही नाही, ते धुळीच्या जाळीवरून आलेलं असतं. पण फरशी पुसायला, संडासात ओतायला चांगलं. बाईंची भिंत पावसाळ्यानंतर मी रंगवून दिली. त्या नको नको म्हणत होत्या.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एक नियमाची गोष्टही सांगून ठेवतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये सामाईक नळांची आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेनं दुरुस्त करायची, असं आहे. आपल्या घरातल्या यंत्राचं पाणी मात्र आपलं. त्याचा खर्च आपला आणि काळजीही आपली. एसी बसवणारा माणूस तासाभरात निघून जातो. तो जाण्याआधी खिडकीतून वाकून बघा, एवढंच माझं सांगणं आहे. नळी कुठं संपते? तिच्या खाली कोणाची खिडकी आहे? त्या खिडकीमागे कोण झोपलं आहे?

सर पुढच्या हिवाळ्यात गेले. मी त्या ओळी पुन्हा काही वाचल्या नाहीत, कुठं छापायलाही दिल्या नाहीत.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी सातला दारावरची बेल वाजली. बाई उभ्या होत्या, हातात पिशवी, दूध आणायला निघालेल्या. ‘‘भाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमची पकड सुटलेली दिसते. रात्रभर थेंब पडत होता. आजच्या आज बघा.’’ आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरून गेल्या.

अम्मीनं आतून विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, खालच्या बाई होत्या, रागावून गेल्या.

अम्मी म्हणाली, ‘‘चला, बरं झालं.’’